ठिपका सोमवारचा, कागद नऊ वर्षांपूर्वीचा

सोमवारी संध्याकाळी रिगवरून, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटावरून, निरोप आला: पुढच्या टप्प्याचं केसिंग (विहिरीत उतरवायचे पोलादी पाइप) शुक्रवारी दुपारी १२ च्या आत हवं. आमची नेहमीची पुरवठा नौका गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी धक्क्याला लागलेली, शनिवारआधी सुटणार नव्हती. म्हणजे ३० दिवसांसाठी बाहेरची एखादी नौका भाड्याने घेणं भाग होतं. दलालाने तासाभरात एक नाव पाठवलं. सोबत नौकेची मापं आणि क्षमता सांगणारी दोन पानी स्पेक शीट आणि एक ओळ: नौका निघाली आहे, बुधवारी सकाळी ६ पर्यंत बेसवर पोचेल.

नौकेचं नाव इथे देत नाही, कारण तिचा दोष काही नव्हता. प्रकार पीएसव्ही, म्हणजे प्लॅटफॉर्म सप्लाय व्हेसल. पुढच्या टोकाला ब्रिज (जिथून नौका चालवतात ती खोली) आणि राहण्याच्या खोल्या, मागे लांबच लांब मोकळा डेक, डेकखाली मड (खोदताना विहिरीत सोडायचा दाट द्रव), बॅराइट (त्यात मिसळायची जड भुकटी), ड्रिल वॉटर (खोदकामाचं पाणी) आणि डिझेलच्या टाक्या. रिगला लागणारं सामान नेऊन द्यायचं, रिकाम्या टोपल्या आणि कचरा परत आणायचा, हेच तिचं आयुष्य. निदान कागदावर तरी.

माझ्या कनिष्ठ सहकारिणीने ट्रॅकिंगच्या पानावर, म्हणजे कोणतं जहाज कुठे आहे ते दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, नाव टाकलं, तर त्या नावाच्या दोन नौका निघाल्या. पहिलीचा शेवटचा ठिपका सात महिन्यांपूर्वीचा. दुसरीचा ठिपका १६ तासांपूर्वीचा, आमच्यापासून ४२० सागरी मैलांवरच्या एका लंगर टाकायच्या जागेजवळ, आणि खाली स्थिती लिहिलेली: 'लंगरावर'.

"सर, ही तर निघालेलीच नाही," ती म्हणाली.

साहेबांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. दलाल थापा मारतोय, दुसरी बघा. दुसरी होतीही, पण ती शनिवारशिवाय पोचत नव्हती. म्हणून मी साहेबांकडे रात्रीपुरता वेळ मागून घेतला.

एका पानावर किती जणांचे हात

ट्रॅकिंगचं पान दिसायला एकसंध असतं. नाव, झेंडा, वेग, लांबी, डेडवेट (नौका एकूण किती टन वाहू शकते), फोटो, सगळं एकाच रंगात आणि एकाच अक्षरात. त्यामुळे वाटतं की हे सगळं नौकेनेच आत्ता सांगितलंय. तसं ते नसतं.

नौकेवरचा एआयएस हा नौकेची ओळख आणि स्थान आपोआप कळवणारा, व्हीएचएफ रेडिओवर बोलणारा पेटारा आहे. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर तो आलटून पालटून संदेश सोडतो. एका प्रकारच्या संदेशात स्थान, जमिनीसापेक्ष वेग, मार्गाची दिशा आणि नौकेचं तोंड कुठे आहे ते असतं. यातला मोठा भाग जीपीएस आणि जायरो होकायंत्राकडून आपोआप येतो. पण त्याच संदेशातली 'लंगरावर', 'इंजिनावर चालू', 'हालचालीवर मर्यादा' ही स्थिती मात्र ब्रिजवरचा अधिकारी बोटाने निवडतो. दुसऱ्या प्रकारचा संदेश दर सहा मिनिटांनी जातो. त्यात नाव, कॉल साइन (रेडिओवरची खूण), आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), लांबी-रुंदी, ड्राफ्ट (नौका पाण्यात किती बुडाली आहे), पुढचं बंदर आणि पोचण्याची वेळ असते. ड्राफ्ट, बंदर आणि वेळ हाताने भरायचे. लांबी-रुंदी ज्याने पेटारा बसवला त्याने एकदाच भरलेली, बहुतेक कुलूपबंद.

उरलेलं पान, म्हणजे डेडवेट, बांधणीचं वर्ष, फोटो, हे नौका सांगतच नाही. संकेतस्थळ ते आपल्या साठ्यातून जोडतं. आमच्या नौकेचा फोटो कुण्या हौशी माणसाने ती नवी असताना बंदरात काढला होता. डेक आरशासारखा लख्ख आणि रिकामा. तो फोटो पाहून साहेब आधी खूश झाले होते, हे इथेच नोंदवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. स्थानाच्या संदेशात तारीख नसते, तास नसतो, मिनिटही नसतं. असतो फक्त सेकंद, शून्य ते एकोणसाठ. बाकी वेळ संदेश ऐकणारं केंद्र आपल्या घड्याळातून लावतं. पोचण्याच्या वेळेत महिना, दिवस, तास, मिनिट असतं, पण वर्ष नसतं. गेल्या वर्षीची वेळ कुणी पुसली नाही, तर ती यंदाचीच वाटते.

तेव्हा मी सहकारिणीला सांगितलं, पानावरच्या प्रत्येक आकड्यासमोर दोन रकाने आख. हा कुणी लिहिला, आणि केव्हा. पुढची रात्र आम्ही ते रकाने भरण्यात घालवली. बाकी सगळं प्रकरण त्यातूनच सुटलं.

ती निघाली होती का

शेवटचा संदेश सोमवारी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०२:१० चा. स्थिती 'लंगरावर', वेग ९.४ नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. लंगर टाकलेली नौका साडेनऊ नॉटने पळत नाही. दोघांपैकी एक खोटं असणार, आणि कोणतं ते ओळखायला रकाना पुरे: वेग जीपीएसने लिहिला, स्थिती माणसाने. शिवाय आमच्या पैसे भरलेल्या सेवेत कच्चे संदेशही दिसतात. वर्ग 'अ' चा, म्हणजे मोठ्या जहाजांवरचा, एआयएस लंगरावर असताना तीन मिनिटांनी एकदा बोलतो. लंगरावर असं दाखवूनही वेग तीन नॉटच्या वर गेला, तर तो दहा सेकंदांवर येतो. मध्यरात्रीपर्यंत तीन-तीन मिनिटांचे ठिपके होते. ००:५० नंतर ते दहा-दहा सेकंदांचे झाले आणि नैर्ऋत्येला एका रेषेत निघाले. लंगर उचलला होता, फक्त बटण दाबायचं राहून गेलं होतं.

मग ०२:१० नंतर ती गप्प का? सहकारिणीचा पहिला संशय जीपीएस फसवणुकीवर होता. तो अगदीच हवेतला नव्हता. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजं आपण रशियातल्या गेलेंजिक विमानतळावर आहोत असं सांगत होती. पण फसवणुकीत ठिपका उड्या मारतो, जमिनीवर चढतो. इथे तो शिस्तीत चालत गेला आणि थांबला. दुसरा संशय मुद्दाम एआयएस बंद केल्याचा. सुरक्षेला धोका वाटला तर कप्तानाला तसं करता येतं, पण त्या पाण्यात तसं काही कारण नव्हतं.

खरं कारण पृथ्वीचा बाक. व्हीएचएफ साधारण क्षितिजापर्यंतच पोचतं. दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्यायची, वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि २.२ ने गुणायची, की पल्ला सागरी मैलांत येतो. किनाऱ्यावरची अँटेना १०० मीटरवर, नौकेची २५ मीटरवर: १० अधिक ५, गुणिले २.२, म्हणजे ३३ मैल. तिचा शेवटचा ठिपका त्या केंद्रापासून ३१ मैलांवर होता. ती लपली नव्हती. किनाऱ्याच्या कानाबाहेर गेली होती, इतकंच. 'लंगरावर' आणि '१६ तासांपूर्वी' हे दोन शब्द शेजारी आले की डोळ्यांना थांबलेली नौका दिसते. पान मात्र म्हणत होतं, मी तिला शेवटचं इथे ऐकलं.

किनाऱ्यापलीकडे ऐकायला उपग्रह लागतात. ते सतत डोक्यावर नसतात आणि एका नजरेत हजारो जहाजं येत असल्याने संदेश एकमेकांवर आदळतात, म्हणून गर्दीच्या पाण्यात काही हरवतात. आमच्या वर्गणीत उपग्रहाचे ठिपके नव्हते. ते वेगळे विकत घ्यावे लागले. साहेबांनी कुरकुर केली, पण सही केली. एलआरआयटी नावाची दुसरी व्यवस्था जहाजाचं स्थान दर सहा तासांनी कळवते, पण ते ज्या देशाचा झेंडा त्या देशाकडे जातं. आमच्यासारख्याला ते दिसत नाही.

उपग्रहाचा ठिपका आला १६:४० चा. पहिल्या ठिपक्यापासून १३१ मैल पुढे, अगदी अपेक्षित रेषेवर. साडेचौदा तासांत १३१ मैल, म्हणजे सरासरी ९ नॉट. उरले २८९ मैल, त्याच वेगाने ३२ तास. बुधवारी मध्यरात्रीनंतर पाऊणच्या सुमाराला ती बेसबाहेर. पायलटची (नौका बंदरात आणणाऱ्या वाटाड्याची) वाट, धक्का मिळणं, हे धरून दलालाचे सकाळचे सहा तंतोतंत बसत होते. तो थापा मारत नव्हता.

साहेबांना मी हे रात्रीच कळवलं. उत्तर आलं, "मग करार पाठव." मी म्हटलं, नौका कुठे आहे ते कळलंय, नौका कोणती आहे ते अजून कळलेलं नाही.

दोन नौका की एक

नावावर विसंबू नये, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. नावं बदलतात, विकली जातात, दोघींची एकच असतात. एमएमएसआय हा नऊ आकडी क्रमांक रेडिओ संचाचा परवाना समजा. त्याचे पहिले तीन आकडे झेंड्याचा देश सांगतात, त्यामुळे झेंडा बदलला की तोही बदलतो. कॉल साइनचंही तेच. टिकतो तो आयएमओ क्रमांक. ही पद्धत १९८७ मध्ये आली आणि १ जानेवारी १९९६ पासून ३०० टनेजवरच्या मालवाहू जहाजांना सक्तीची झाली. एकदा सांगाड्याला मिळाला की जहाज भंगारात जाईपर्यंत तोच.

स्पेक शीटवरचा आयएमओ क्रमांक शोधात टाकला तर काहीच सापडेना. सहकारिणी वैतागली. मी तिला एक जुनी युक्ती दाखवली. सात आकड्यांपैकी पहिल्या सहांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा हा सातवा आकडा असायला हवा. समजा ९१२३४५ असेल: ६३, ६, १०, १२, १२, १०, एकूण ११३, म्हणून सातवा आकडा ३. आमच्या कागदावरचा क्रमांक या परीक्षेत नापास झाला. तिने आकडे उलटसुलट करून पाहिले आणि तिसऱ्या-चौथ्याची अदलाबदल केल्यावर जमलं. टायपिंगची चूक. शेजारचे दोन आकडे असे चुकले तर ही परीक्षा ते पकडतेच, कारण लगतच्या गुणकांत एकाचा फरक असतो आणि बेरीज तेवढी सरकल्याशिवाय राहत नाही.

सुधारलेला क्रमांक इक्वेसिसवर टाकला. युरोपीय आयोग आणि फ्रेंच सागरी प्रशासनाने २००० साली सुरू केलेला हा मोफत साठा. स्थान दाखवत नाही, पण मालक, झेंडे, वर्ग देणारी (नौका तपासून प्रमाणपत्र देणारी) संस्था आणि बंदरांतल्या तपासण्या दाखवतो. तिथे उलगडा झाला. सात महिन्यांपूर्वी नौकेचा झेंडा बदलला होता. म्हणजे पानावरच्या त्या दोन नौका एकच होत्या. जुन्या एमएमएसआयच्या पानावर तिचं मागचं आयुष्य गोठून पडलं होतं, नव्या पानावर झेंडा बदलल्यानंतरचं. स्पेक शीटवर एमएमएसआय जुनाच.

लांबी जुळेना तेव्हा मात्र मी पाच मिनिटं घाबरलो. स्पेक शीट म्हणे ७४.६ मीटर, एआयएस म्हणे ८०. सख्ख्या बहिणीचा कागद आपल्याला दिला की काय, अशी शंका आली, कारण एकाच आराखड्याच्या चार-चार नौका असतात आणि कागद सहज इकडचे तिकडे जातात. तसं नव्हतं. कागदावर लंबांतर, म्हणजे एलपीपी (पुढच्या आणि मागच्या ठरलेल्या उभ्या रेषांमधलं अंतर, पूर्ण लांबीहून कमी), छापलं होतं आणि पुढे 'लांबी' एवढंच लिहिलं होतं. टोकापासून टोकापर्यंतची लांबी खरोखरच ८० भरत होती.

ही ८० कशी येते तेही पाहण्यासारखं आहे. एआयएस लांबी म्हणून एक आकडा सांगत नाही. जीपीएसच्या अँटेनापासून नाळेपर्यंत (पुढच्या टोकापर्यंत) किती, पिछाडीपर्यंत किती, डावीकडे, उजवीकडे, असे चार आकडे सांगतो. हिचे १६ आणि ६४. ब्रिज पुढे असलेल्या पीएसव्हीला हे शोभतं. बसवणाऱ्याने उलटे भरले असते, तर लांबी तीच दिसली असती, पण पडद्यावर नौकेची आकृती ४८ मीटर सरकली असती. रिगभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा वर्तुळात हा फरक चेष्टेचा नाही.

पानावर प्रकार 'टग' लिहिलेला होता. त्याकडे दुर्लक्ष केलं. एआयएसच्या यादीत पुरवठा नौकेला स्वतःचा सांकेतांक नाही. कुणी मालवाहू निवडतो, कुणी टग, कुणी 'इतर'.

जुन्या पानाने केलेली चुगली

आता खरा प्रश्न. आमचं सामान हिच्यावर मावतं का?

डेकवर ५४० टन: केसिंग, टोपल्या, कंटेनर. चालायच्या वाटा धरून जागा लागणार ६४० चौरस मीटर. खाली ४५० घनमीटर मड, घनता १.५५, म्हणजे सुमारे ७०० टन. बॅराइट १८० टन, ड्रिल वॉटर ६००, रिगसाठी डिझेल २५०. एकूण २,२७०. तिचं स्वतःचं इंधन, पाणी, बाकी सगळं ४५० धरलं तर २,७२०. कागदावर डेडवेट ३,६००, डेक ५३ गुणिले १५, म्हणजे ७९५ चौरस मीटर, डेकची ताकद चौरस मीटरला ५ टन. साहेबांच्या मते विषय संपला होता.

डेकच्या ताकदीचा आकडा भल्याभल्यांना चकवतो. ७९५ ला ५ ने गुणा, येतात ३,९७५ टन. म्हणजे डेक नौकेच्या एकूण डेडवेटपेक्षा जास्त पेलतो? अर्थातच नाही. ५ टन ही एका चौरस मीटर पोलादाची सहनशक्ती आहे, संपूर्ण डेकवर एकदम ठेवायची परवानगी नव्हे. डेकवर किती टन ठेवायचे ते स्थिरता ठरवते, आणि ते ओझं डेकपासून किती उंच आहे यावर अवलंबून असतं.

कागदी आकड्यांचा विषय निघाला की मला बुरबोन डॉल्फिन आठवते. ती पीएसव्ही नव्हती, नांगर हाताळणारी नौका होती. वय जेमतेम सहा महिने. १२ एप्रिल २००७ रोजी शेटलंडच्या पश्चिमेला ट्रान्सओशन रॅदर या रिगचा नांगर हलवताना ती उलटली. १५ पैकी ८ जण गेले, त्यात कप्तान आणि त्याचा १४ वर्षांचा मुलगा. नॉर्वेच्या चौकशी आयोगाच्या अहवालात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. नौका ठरलेल्या रेषेपासून फार दूर वाहत गेली होती. आणि थ्रस्टर (नौका आडवी सरकवणारे पंखे) जोरात चालवले की मुख्य प्रोपेलरची ओढ कागदावरच्या बोलार्ड पुलपेक्षा, म्हणजे नौका जागेवर बांधून मोजलेल्या ओढीपेक्षा, बरीच खाली येत होती. आमचं काम त्यामानाने साधं होतं, पण 'कागदावर आहे' या वाक्याने माझं समाधान तेव्हापासून होत नाही.

स्पेक शीटच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख होती. नऊ वर्षांपूर्वीची. नऊ वर्षांत या नौकेने काय काय केलं, हे कागद सांगणार नव्हता. सहकारिणीला मी जुन्या एमएमएसआयच्या पानावर परत पाठवलं. ठिपके आजचे नसले म्हणून काय झालं, मागचे तर आहेत.

पुरवठा नौकेचा माग सुईदोऱ्यासारखा दिसतो. बंदरातून दहा नॉटने रिगकडे, रिगजवळ काही तास एका जागी, परत बंदर. नव्या पानावर असा दोरा नव्हताच. सहा महिने एकाच जागी लंगर टाकून ती पडून होती. कामावाचून उभी. 'लंगरावर' ची स्थिती तिथलीच शिळी, आणि कागदावर १२ नॉट असून ती ९ ने येत होती त्याचाही अंदाज आला. इतके महिने उभ्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरणारच, किंवा कप्तान इंधन वाचवत असेल, किंवा दोन्ही.

जुन्या पानावर झेंडा बदलण्याआधीचे १४ महिने होते. तिथे सहकारिणी थबकली. "सर, ही इतकी हळू का चालतेय?" अर्ध्या नॉटने, किलोमीटरच्या किलोमीटर, एकाच बारीक रेषेवर. मग दोन-चार मीटरच्या घेऱ्यात सहा-सात तास स्तब्ध. मग पुन्हा त्याच रेषेवर पुढे. सामान पोचवणारी नौका असं वागत नाही. समुद्रतळावरच्या पाइपलाइनची आरओव्हीने (दुरून चालवायच्या, पाण्याखालच्या यंत्राने) तपासणी करणारी नौका असं वागते.

आणि आरओव्हीचं काम असेल तर डेकवर आरओव्हीचं शेड आलं, तो पाण्यात सोडायची यंत्रणा आली, क्रेन आली, तंत्रज्ञांचे कंटेनर आले. त्यानंतर ती थेट लंगरावर जाऊन पडली. मग ते सगळं काढलं कधी?

हा प्रश्न मी दलालाला जसाच्या तसा पाठवला. सोबत मागितलं: आजच्या तारखेचे डेकचे फोटो, सध्याचा जनरल अरेंजमेंट आराखडा (नौकेवर काय कुठे आहे त्याचा नकाशा), आमच्या सामानासाठी स्थिरतेची गणना, डीपीच्या (थ्रस्टरच्या जोरावर नौका आपोआप एका जागी धरणाऱ्या यंत्रणेच्या) शेवटच्या वार्षिक चाचणीचा अहवाल, मड टाक्या धुतल्याचा दाखला. पहाटे दलालाचा फोन आला. आवाजात लपवाछपवी नव्हती, खरंखुरं आश्चर्य होतं. त्यालाही कागद मालकाकडून आले तसेच त्याने पुढे ढकलले होते. "साहेब, शेड अजून आहे म्हणतात. क्रेनसुद्धा."

मंगळवारी दुपारपर्यंत कागद आले. डीपीचं नीट होतं. वर्ग २ म्हणजे कार्यरत यंत्रणेतला एखादा भाग, जनरेटर किंवा थ्रस्टर, बंद पडला तरी नौकेने जागा सोडता कामा नये. निघण्याआधी चाचणी झालेली होती. स्पेक शीटवर रिगपासूनची जागा मोजणारे दोन लेसर संदर्भ होते, आता एकच उरला होता, पण सोबत मायक्रोवेव्हचा आणि जीपीएसचे दोन होते. चालण्यासारखं होतं. मड टाक्यांची क्षमता कागदावर ९००, प्रत्यक्षात ७५० घनमीटर, कारण क्रेनचं वजन उजवीकडे आल्यावर तोल साधायला डावीकडच्या एका टाकीत पाणी भरून ठेवलं होतं. आम्हाला ४५० पुरे होती. क्रेनमुळे गुरुत्वमध्य वर चढला होता, तरी स्थिरतेच्या गणनेत ५४० टन आरामात बसत होते.

वजनाचा प्रश्न नव्हताच. जागेचा होता. शेड, क्रेन आणि सोडण्याची यंत्रणा मिळून १६५ चौरस मीटर गिळून बसले होते. ७९५ मधून गेले १६५, उरले ६३०. आम्हाला हवे ६४०. दहा चौरस मीटरांनी फारसं बिघडत नाही असं वाटेल, पण त्या ६३० चा आकारही वेडावाकडा होता. उजव्या बाजूला ५३ ऐवजी ३४ मीटर लांबीच मोकळी, त्यामुळे केसिंगच्या रांगा मनासारख्या लागत नव्हत्या.

साहेबांचा पहिला विचार नौका नाकारण्याचा. मालकाचा प्रस्ताव बेसवर शेड कापून काढण्याचा, म्हणजे दोन दिवस आणि गरम काम (ठिणग्या उडणारं कापणं-जोडणं), आणि त्यानंतर स्थिरतेचं पुस्तक पुन्हा वर्गसंस्थेकडे. दोन्ही नको, असं माझं मत होतं. रिगला मी विचारलं, शुक्रवारी नेमकं काय हवं? यादी आली तेव्हा कळलं की ५४० पैकी शुक्रवारची निकड ३३० टनांची होती: केसिंग आणि दोन कंटेनर. बाकीचं रविवारी चालणार होतं, आणि तोवर आमची नेहमीची नौका दुरुस्तीतून बाहेर आलेली असणार होती. हा प्रश्न सोमवारी संध्याकाळीच विचारायला हवा होता. आम्ही सगळे ठिपक्यात गुंतलो होतो.

करारात एक ओळ घातली. भाडं मोकळ्या डेकच्या प्रत्यक्ष मोजलेल्या क्षेत्रफळावर ठरेल, स्पेक शीटवरच्या नाही. मालकाने खळखळ केली आणि मान्य केलं.

बुधवारी ०३:२० ला पायलट चढला, पाचला नौका धक्क्याला लागली. आमचा सर्वेक्षक टेप घेऊन डेकवर फिरला. भरले ६१८ चौरस मीटर, कारण आराखड्यात न दाखवलेला एक हायड्रॉलिक पॉवर पॅक कोपऱ्यात बसला होता. मड भरायला वेळ गेला, केसिंग चढवताना वाऱ्याने क्रेन दोनदा थांबवली. गुरुवारी रात्री १० ला ती सुटली. ९५ मैल, साडेनऊ तास. शुक्रवारी ०७:३० ला रिगजवळ, तपासणीची यादी पुरी करून ०९:४० ला ५०० मीटरच्या आत.

सहकारिणी तेव्हा पडद्यासमोरच होती. रिगच्या चिन्हाला चिकटून नौकेचा ठिपका, वेग शून्य, ड्राफ्ट ६.४ मीटर. तिने हसत मला बोलावलं. ६.४ हा तिचा कमाल उन्हाळी ड्राफ्ट, एवढ्या मालाला ती तितकी बुडणारच नाही. कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेला. आणि स्थिती? डीपीवर उभी राहून क्रेनखाली माल उतरवणाऱ्या नौकेने 'हालचालीवर मर्यादा' दाखवायला हवी. पानावर अजूनही होतं, 'लंगरावर'.

मी रेडिओ रूमकडून कप्तानाला निरोप धाडला. वीस मिनिटांनी स्थिती बदलली. ड्राफ्ट ६.४ च राहिला.